खळग्यातून आलेली बदकं

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. यंदाचा विषय 'कलावंताची प्रेरणा' आहे आणि मी लिहायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मी कलावंत नाही, तंबाखूचे पाइप कोरतो. ते म्हणाले, "तेच ते." ग्वाल्हेरात हे एक बरं आहे. इथे ज्याच्या हातात पटाशी तो कलावंत, ज्याच्या हातात तंबोरा तो महान कलावंत, आणि ज्याच्या हातात काहीच नाही तो संपादक.

माझं नाव घाडगे. आमचे पूर्वज तलवार घेऊन, घोड्यावर बसून दख्खनेतून इकडे आले. मी पटाशी घेऊन, स्कूटरवर बसून फूलबागेजवळच्या घरातून किला गेटच्या दुकानापर्यंत येतो. इतक्या पिढ्यांत घराण्याने एवढी मजल मारली आहे.

सुरुवातीची बावीस वर्षं मी एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवत होतो. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. ते माझं काम. तिथे प्रेरणा कुणी विचारली नाही. नकाशा यायचा, त्याप्रमाणे साचा करायचा, आणि अर्धा मिलिमीटर चुकला की फोरमन आईवरून बोलायचा. पुढे कारखाना बंद पडला, आणि एका गिऱ्हाइकामुळे मी पाइपांकडे वळलो. तेव्हापासून अर्धा मिलिमीटर चुकला की लोक त्याला माझी शैली म्हणतात.

ज्यांनी पाइप फक्त जुन्या सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या तोंडात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाइपाला तंबाखू भरायची वाटी असते, वाटीला जोडलेली दांडी असते, आणि दांडीच्या टोकाला दातांत धरायची तोंडी. दांडीतून जाणारं बारीक भोक वाटीच्या बरोबर तळाशी उघडलं पाहिजे. जरा वर उघडलं तर खाली ओल साचते आणि पाइप हुक्क्यासारखा गुळगुळ वाजतो. पाइप करणं म्हणजे खरं तर हे भोक पाडणं. बाकी सगळी सजावट. पण भोकाचा फोटो काढता येत नाही, म्हणून कौतुक सजावटीचं होतं.

लाकूडही कुठलंही चालत नाही, कारण लाकूड जळतं आणि तंबाखू पेटवल्याशिवाय ओढता येत नाही. भूमध्य समुद्राकडच्या डोंगरांत ब्रायर नावाचं झुडूप होतं, त्याच्या मुळाशी मोठी गाठ येते. ती उकळून, बरीच वर्षं वाळवून तिचे ठोकळे पाडतात. ते सहजासहजी जळत नाहीत. माझ्याकडे ते दिल्लीच्या एका व्यापाऱ्यामार्फत येतात. उत्तम ठोकळे युरोपातच राहतात, मध्यम दिल्लीत राहतात, आणि उरलेले प्रेरणेसाठी मला पाठवले जातात.

आता ती प्रेरणा कुठे असते ते सांगून टाकतो. ही गाठ जमिनीत वाढते आणि वाढता वाढता पोटात खडे-माती घेते. बाहेरून ठोकळा देखणा दिसतो, कापत गेलं की आत खळगा निघतो. कधी मोहरीएवढा, कधी वाटाण्याएवढा. खळगा वाटीच्या आत किंवा भोकाजवळ असला तर ठोकळा चुलीत. बाहेरच्या अंगाला असला तर तो कोरून काढायचा. पण एकाच जागी कोरलं तर लबाडी दिसते, म्हणून मग सगळ्या वाटीभर कोरायचं. म्हणजे गुळगुळीत पाइप हा निर्दोष लाकडाचा आणि नक्षीदार पाइप बहुतेक वेळा सदोष लाकडाचा. माझ्या नक्षीचं जे काही नाव झालं आहे, ते मला मिळणाऱ्या वाईट लाकडाचं यश आहे.

तर तीन वर्षांपूर्वी दुकानात मृण्मयी आली. हरिशंकरपुरमात राहते. बंगळूरची नोकरी सोडून आली आणि घरी बसून इंटरनेटवर हातच्या वस्तू विकते. मराठी घरातली मुलगी, हुशार आणि कष्टाळू, पण वाक्य मराठीत चढते आणि हिंदीत उतरते. तिने माझे पाइप विकायला घेतले. पहिल्या महिन्यात फार काही खपलं नाही. मग ती वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली.

"काका, प्रत्येक पीसची एक स्टोरी पाहिजे. मतलब, डिझाइनची इन्स्पिरेशन कुठून आली, वो वाली."

"लाकडात खळगा होता."

"हां, पण असं नाही ना लिहू शकत."

"का?"

"कस्टमर खळगा थोड़ी ना खरीदेगा, काका."

"आजवर तोच तर विकतोय आपण."

ती हसली. मग तिने दुसरा पाइप उचलला. "आणि ही डिझाइन?"

"तिच्यात दोन खळगे होते."

तिने वही मिटली. त्या संध्याकाळी ती माझ्या घरी गेली आणि माझ्या बायकोला, सुमनला, भेटली. सुमनने मुलींच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलं. तीस वर्षं तिने दुसऱ्यांचे निबंध तपासले, त्यामुळे स्वतः लिहायची हौस आत नुसती तुंबून राहिली होती. मी घरी पोचलो तेव्हा दोघींचं ठरलेलं होतं.

"अहो, तुम्ही पाइप करा," सुमन म्हणाली. "प्रेरणेचं मी सोचते."

आणि तिने खरोखरच सोचलं. पाइपागणिक एक कार्ड. ती हिंदीत लिहायची, मृण्मयी त्याचं इंग्रजी करायची. एकदा बरमा सरकला आणि दांडीचं भोक तिरकं गेलं. भोक वाचवायचं म्हणून मी दांडीच वाकडी कोरली. कार्डावर ती 'ग्वाल्हेरच्या गायकीतली मींड' झाली. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तसं काहीसं. घसरणं तेवढं खरं होतं. तो पाइप एका दिवसात गेला. दुसऱ्या आठवड्यात मृण्मयीचा फोन, "काका, अजून दोन मींड होतील का?" मी म्हटलं, बरमा सरकवून बघतो.

एका वाटीवर घासताना पॉलिशची चकती जास्त वेळ टेकली आणि काळा डाग पडला. तो 'किल्ल्यावर उतरणारी सांज' म्हणून गेला. मला या वयात कळलं की मी चुकत नव्हतो, मला नुसतं सुचत होतं.

मग बदकांचं प्रकरण झालं. एका वाटीच्या कडेला खळगा निघाला. मी तिच्याभोवती पानाच्या आकाराच्या लहान लहान कापांचा पट्टा कोरला. सगळे काप एका दिशेला, पण खळगा होता तिथे पटाशी सरळ जाईना, म्हणून तो एक काप उलटा घेतला. मला तो पाइप बरा वाटला होता. सुमनने चष्मा लावला, पट्टा पाहिला आणि म्हणाली, "ही बदकं आहेत." ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजवाड्याच्या भिंतीत निळ्या फरशा बसवल्या आहेत आणि त्यांच्यावर पिवळ्या बदकांची रांग आहे. पोस्टकार्डांवर असते. कार्डात सुमनने लिहिलं की शतकानुशतकं चालणाऱ्या त्या रांगेतलं एक बदक थांबतं, मागे वळून बघतं, आणि शिल्पकार लहानपणापासून त्या एका बदकाला शोधत किल्ला चढतो आहे. शिल्पकार म्हणजे मी. मी किल्ला शेवटचा चढलो होतो तो मेहुण्याला दाखवायला, आणि सबंध वेळ आम्ही त्याची हरवलेली चप्पल शोधत होतो.

तो पाइप नागपूरला गेला. दोन महिन्यांनी मृण्मयीचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"काका, ते येतायत. नागपूरवाले. डॉक्टर पाध्ये. बदकं बघायला."

"बघू देत की. किल्ला काय माझ्या मालकीचा आहे?"

"तुमच्यासोबत बघायचीत त्यांना. ते मागे बघणारं बदक तुम्ही दाखवा म्हणतात."

"मृण्मयी, तसं बदक आहे का?"

"मला काय पता, काका. काकूंना विचारा."

सुमनला विचारलं. ती म्हणाली, "असेल हो. इतकी बदकं आहेत, एखादं तर वळलं असेल."

मृण्मयी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसली. या वेळी हसत नव्हती. डॉक्टर पाइप जमवणाऱ्या लोकांच्या एका गटात होते, आणि तिचं निम्मं गिऱ्हाईक त्याच गटातलं होतं. कार्ड खोटं आहे एवढं एका माणसाने तिथे लिहिलं की संपलं. नोकरी सोडून तिला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि घरातले रोज विचारत होते की आता पुढे काय. "काका, फक्त कार्डवर आहे तेवढं बोला. प्लीज. जास्त काही नका बोलू." मी कबूल केलं. सुमनने माझ्याकडून ते कार्ड पाठ करून घेतलं. मी अडखळलो की ती शाळेतल्यासारखी पट्टी टेबलावर आपटायची.

डॉक्टर पाध्ये आले. सत्तरीचे, सडसडीत, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला भिंग. नाक-कान-घशाचे सर्जन, आता निवृत्त. खिशातून माझा पाइप काढला. नवाकोरा होता, वाटीत राखेचा कण नाही.

"तुम्ही ओढत नाही?" मी विचारलं.

"आयुष्यभर घसे कापले. ओढेन कसा?"

"मग जमवता कशाला?"

"ज्याच्यामुळे जन्मभर हाताला काम मिळालं, त्याची थोडी कदर नको?"

ते हसले नाहीत, मीही हसलो नाही. माणूस आपल्याच पंथाचा आहे हे माझ्या ध्यानात आलं, आणि तिथेच माझी अडचण सुरू झाली. मूर्खाशी खोटं बोलायला मला काही वाटत नाही. कारखान्यात मी ते नियमित केलेलं आहे.

किला गेटकडून वर जाणारा रस्ता चढाचा आहे आणि पायीच जावं लागतं. आम्ही दोघं म्हातारे दर वळणावर 'वाहवा, काय देखावा आहे' म्हणून थांबत होतो. देखावा कुणीच बघत नव्हतं, दम घेत होतो. शेवटी राजवाड्याची उंच भिंत डोक्यावर आली. निळ्या फरशा, बऱ्याच गळून पडलेल्या, आणि त्यांच्यामधून पिवळी बदकं. खरं सांगतो, मी ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. फार सुंदर आहेत. ज्याने केली त्याला कार्ड लिहावं लागलं नसेल.

डॉक्टरांनी भिंग ठेवून दुर्बीण काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग परत त्या टोकापासून या टोकापर्यंत.

"मला यात मागे वळून बघणारं दिसत नाही," ते म्हणाले. "कुठे आहे?"

मी कार्ड आठवलं. पहिलं वाक्य जिभेवर आलंसुद्धा. मला मृण्मयीचा चेहरा दिसत होता, आणि या माणसाचे कॅनव्हासचे बूट दिसत होते, जे या चढासाठी त्यांनी मुद्दाम घेतले असावेत, कारण टाचेवरची किमतीची चिठ्ठी अजून निघाली नव्हती.

"डॉक्टर, ते बदक नाही. खळगा आहे," मी म्हटलं. मग लाकडापासून सुमनच्या चष्म्यापर्यंत सगळं सांगितलं. मुलीची काही चूक नाही, तिने मला विचारलं तेव्हा मी थट्टा केली, हेही सांगितलं.

ते बाजूच्या कठड्यावर बसले. पाइप काढून भिंगाखाली धरला आणि तो उलटा काप बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता पाइप खाली दरीत जातो.

"केवढा होता?"

"ज्वारीच्या दाण्याएवढा."

"घाडगे, दोन महिने मला हा काप खटकत होता. बाकीचे काप निवांत हाताचे आहेत. हा एक घाबरलेल्या हाताचा आहे. मी असे काप घेतलेत, मला ओळखता येतात. पण कार्ड वाचलं आणि वाटलं, आपल्याला कलेतलं काय कळतं, आपणच चुकलो असू." त्यांनी पाइप खिशात ठेवला. "बाई लिहितात मात्र छान."

उतरताना ते एकदम मोकळे झाले होते. मी मात्र पाय ओढत उतरत होतो, कारण खाली दुकानात मृण्मयी वाट बघत होती. आम्हाला हसत येताना पाहून तिला वाटलं, सगळं कार्डाप्रमाणे झालं. मी तिला सांगितलं. ती आमच्यासाठी चहा आणते म्हणाली आणि गेली, आणि एका चहाला लागायला नको इतका वेळ आली नाही.

तेवढ्यात डॉक्टर माझ्या कामाच्या बाकामागच्या फळीकडे गेले. तिथे विकायचा नसलेला एक पाइप असतो. साधा, गुळगुळीत, नक्षी नाही. त्यांनी विचारून हातात घेतला. तोंडीवर खोल दातांच्या खुणा. जमवणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी पाइप साफ करायची मऊ तार घेतली आणि तोंडीत घातली. तार जाईना. वाटीकडून घातली, तिथूनही जाईना. त्यांनी वाटीच्या तळाशी भिंग लावलं.

"याला भोकच नाही."

"नाही."

त्यांनी तोंडीवरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. "हा ज्यांचा, त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं का?"

मी मान डोलावली. या पाइपाला कार्ड लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम नुसतं बघून वाचलं होतं.

मग मी त्यांना कर्नल मोहित्यांबद्दल सांगितलं. ज्या गिऱ्हाइकामुळे मी पाइपांकडे वळलो ते हेच. कारखाना सुटल्यावर मी किला गेटला सुतारकामाचं दुकान टाकलं होतं. कर्नलसाहेब फौजेतून निवृत्त होऊन इथे राहिलेले. एकदा मोडलेला विलायती पाइप घेऊन आले. जोडता येण्यासारखा नव्हता, म्हणून मी मोठ्या ऐटीत शिसवीचा नवा करून दिला. महिनाभराने येऊन म्हणाले, "घाडगे, तंबाखू उत्तम आहे. पण रोज सकाळी बाजेचा पाय ओढल्यासारखं वाटतं." मग त्यांनीच ओळखीतून ब्रायरचे पहिले ठोकळे मागवले. पंधरा वर्षं ते रोज सकाळी माझ्या दुकानात स्टुलावर बसत. मी त्यांचा हात बघून पाइप करायचो. उजव्या करंगळीचं एक पेर फौजेत गेलेलं होतं, म्हणून पाइप त्यांच्या हातातून खाली घसरायचा. तो टेकावा म्हणून मी वाटीच्या खाली एका अंगाला चपटी बगल ठेवली. तो आकार पुढे सगळ्या पाइपांना आला. मृण्मयी 'ग्वाल्हेरी घाट' म्हणून विकते तो आकार मुळात एक पेर कमी असलेल्या माणसाचा आहे.

मग त्यांचा आवाज बसला, आणि पुढे काय असतं ते डॉक्टरांना मी सांगायची गरज नव्हती. इस्पितळातून घरी आले तेव्हा गळ्यात श्वासाचं छिद्र होतं आणि हातात पाटी. मी भेटायला गेलो. मोहितेवहिनींनी मला दारातच थांबवलं. त्या रागावून बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"भावजी, तुमचा पाइप फार चांगला झाला, हेच वाईट झालं. विलायती नीट ओढला जायचा नाही, म्हणून कंटाळून ठेवून द्यायचे. तुमचा कधी खाली ठेवला नाही."

बावीस वर्षं लोखंडी भागांचे साचे केले, त्यातला एकही भाग कुणाच्या अंगावर पडला नाही. आणि जे भोक मी बरोबर वाटीच्या तळाशी काढलं, ज्याची मला सगळ्यात जास्त मिजास होती, त्याबद्दल मला हे ऐकावं लागलं. मी पाइप करणं सोडलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो, कारण संपादकांना कलावंत हवा आहे आणि कलावंताला लाज कमीच असते.

आत कर्नलसाहेबांनी पाटीवर लिहिलं, 'एक पाइप कर.' मी वहिनींकडे बघितलं. कर्नलसाहेबांनी पाटी पुसून परत लिहिलं, 'भोक नको.'

तोंडात दाताखाली काहीतरी हवं होतं, बस. माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या ठोकळ्याचा मी तो पाइप केला. भोक नाही म्हणजे लाकूड जास्त, म्हणजे वजन जास्त. जबडा दुखू नये म्हणून दांडी बाहेरून झिजवत झिजवत शेवटी जेमतेम बोरूएवढी ठेवली. वाटी मात्र पोकळ ठेवली, कारण त्यांना अंगठ्याने तंबाखू दाबायची सवय होती. चार वर्षं ते रिकाम्या वाटीत अंगठा दाबत माझ्या स्टुलावर बसले. ते गेल्यावर वहिनींनी पाइप आणून दिला. म्हणाल्या, घरात दिसला की वाटतं हे बाहेर ओसरीवर बसलेत.

डॉक्टरांनी पाइप दोन्ही हातांनी फळीवर परत ठेवला.

"मी अशी पुष्कळ माणसं घरी पाठवली," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगायचो, आता हे आयुष्यात तोंडाला लावायचं नाही. मग तोंडाला काय लावायचं, ते सांगायचं राहून गेलं. मला सुचलंच नाही." जरा वेळाने म्हणाले, "पण माझे पेशंट पाइपवाले नव्हते हो. विडीवाले होते. विडी कराल का? लाकडाची, भरीव?"

मृण्मयी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं कागदावर विडीची मापं काढत होतो. तिने ट्रे ठेवला आणि विचारलं, "आता मी वेबसाइटवर काय लिहू?" डॉक्टर म्हणाले, "खळगा लिही." तिला वाटलं, हीही माझ्यासारखीच थट्टा. पण तिने लिहिलं. बदकांचं कार्ड काढून टाकलं आणि त्या जागी खळगा कसा सापडतो, पटाशी का उलटी फिरली, तेवढंच लिहिलं. डॉक्टरांनीही आपल्या गटात तसंच लिहिलं. तीन-चार लोकांनी नाराजी कळवली. बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला नको, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. आता लोक तिला विचारतात की पाइपात अस्सल खळगा आहे ना, फोटो पाठवा. मागच्या महिन्यात चुकून निर्दोष ठोकळे आले तर ती म्हणाली, "काका, हे कसं विकणार? यात तो कुछ है ही नहीं." सुमन काही दिवस रुसली होती. आता ती खळग्यांवर लिहिते. छान लिहिते.

विड्यांचं मात्र तिथे कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टर नागपुरात दर शनिवारी आवाज गेलेल्या माणसांच्या एका बैठकीला जातात, तिथे वाटायला मी बारा विड्या केल्या. पाइप करून उरलेल्या लाकडाच्या, वर पॉलिश न देता. मी हसत हसत करायला घेतल्या होत्या. पन्नास वर्षांचा हात, विडी म्हणजे काय मोठं. टोकाकडे बारीक खाच पाडून त्यात सुमनच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा गुंडाळला, गाठ आत दडवली. बाराच्या बारा हुबेहूब सारख्या. फोरमनने पाहिल्या असत्या तर पहिल्यांदाच गप्प बसला असता.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांचं पत्र आलं. अकरा जणांना विड्या आवडल्या होत्या. बाराव्या शेवंताबाई, भंडाऱ्याकडच्या. त्यांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि तितकीच वर्षं ओढल्या. आवाज गेल्यापासून त्या ओठ हलवतात आणि मुलगी वाचून सांगते. त्यांनी माझी विडी बोटांत फिरवली, दाताखाली धरून पाहिली, परत काढली आणि मुलीकडून निरोप दिला. डॉक्टरांनी तो जसाच्या तसा उतरवून पाठवला होता: 'विडीला टोकाकडे उतार कमी आहे, ही खडूची कांडी झाली. आणि दोरा फार नीट बांधलाय. इतका नीट बांधत बसलं तर दिवसाच्या हजार विड्या कधी व्हायच्या? हा माणूस हजारावर मजुरी घेणारा नाही दिसत.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग पटाशीला धार लावली. उतार एका दुपारी जमला. दोरा घाईत बांधल्यासारखा दिसायला मला चार दिवस लागले.